मुळेच्या पाण्यावर नवरदेव

पुणं सोडलं तेव्हा उजाडत होतं. टपावर उपडी बांधलेली होडी पाहून कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, "वहिनी, कुठे पूर यायचाय की काय?"

"यायचा नाहीये, आम्हीच शोधायला निघालोय!" सुधा खिडकीतून ओरडली.

सुधा म्हणजे माझी नणंद. कॉलेजात शिकवते, आणि माझ्या वेडात सामील असलेलं घरातलं एकमेव माणूस. माझं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. वडिलांच्या होडीत मी सुकाणू धरायला शिकले. लग्न होऊन पुण्यात आले आणि पाणी नळापुरतं उरलं. शेवटी आम्ही दोघींनी अंगणात खपून, चार माणसं मावतील एवढी शिडाची होडी बांधली. खडकवासल्याला ती छान चालली. मग कानावर आलं की दुष्काळ सरलाय आणि राहुरीजवळ मुळा धरणात भरपूर पाणी साठलंय. मला चैन पडेना.

होडी न्यायची कशी हा प्रश्न नव्हता. आमच्या यांनी लिलावात एक जुनी स्टेशन वॅगन घेतली होती. मागे समोरासमोर दोन लांब बाकं, आणि मध्ये सासूबाई सतरंजी पसरून मांडी घालतील एवढी जागा. गाडीवर यांचा भारी जीव. कुणी दार आपटलं की कपाळाला आठी, आत संत्रं सोललं की दुसरी, आणि सीटवर पाय ठेवला तर गाडी थांबलीच म्हणून समजावं. माझी तक्रार एकच: हे वाटेत कुणालाही रस्ता विचारत नाहीत.

शिरूरला चहा झाला. सुप्याला गरम भजी खाल्ली, अर्थात गाडीबाहेर, उभ्याने. नगर ओलांडलं तशी डोळ्यांना हिरवं दिसू लागलं. मागच्या खेपेला याच रस्त्याला दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडणारी माणसं दिसली होती. आता तिथे ज्वारी वाऱ्यावर डुलत होती. राहुरीच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) मिळाली. सासूबाईंनी डब्यातल्या पोळीशी ती इतक्या आवडीने खाल्ली की गुऱ्हाळवाल्याने आपणहून त्यांच्यासमोर आणखी एक वाटी ठेवली.

राहुरी सोडल्यावर हे चुकले. "विचारा ना कुणाला तरी," मी म्हटलं. "हीच वाट," हे म्हणाले. दोन्ही बाजूंनी ऊस गाडीला घासत होता. आणि एकाएकी ऊस संपून समोर पाणी आलं. केवढं पाणी! निळंशार, दूरच्या डोंगरांपर्यंत.

काठावर एक ट्रक कलंडल्यासारखा उभा होता आणि भोवती नटलेली माणसं हवालदिल होऊन बसली होती. लग्नाचं वऱ्हाड होतं ते. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. फेटेवाले एक गृहस्थ पुढे आले. नवरदेवाचे मामा.

"पल्याड त्यो मांडव दिसतोय का?" त्यांनी बोट दाखवलं. "गोरज मुहूर्त हाय. आधी नदी वलांडली की पोचत हुतो. आता धरनाला वळसा घालून जावं लागतं, अन् गाडी तर अशी बसली."

हे लगेच म्हणाले, "बायकांना मी नेतो. पण असल्या रस्त्यावर मुहूर्त गाठेन असं काही सांगता येत नाही."

मामांची नजर टपावर गेली. "ही नाव चालती व्हय?"

 नवखं पाणी, आणि लोकांचा मुलगा. नवरदेवाच्या आईने माझा हात धरला. "बाई, येकुलता येक हाय माझा. तुमाला येतं ना?"

मी पाण्याकडे पाहिलं, वाऱ्याकडे गाल केला. वारा हलका होता, पण अंगाला लागत होता. "येतं," मी म्हटलं.

होडी उतरवली, डोलकाठी उभी केली. यांनी टायरच्या फुगवलेल्या ट्यूबा आणल्या होत्या. एक नवरदेवाच्या कमरेत चढवली. बबन त्याचं नाव. हळदीने पिवळा झालेला, ट्यूब घातलेला बबन कळवळून म्हणाला, "मला पवता (पोहता) येतं की वो!" वऱ्हाड पहिल्यांदा हसलं. बाशिंग मामांनी धोतराच्या सोग्यात जपून धरलं. बायकांना घेऊन गाडी वळशाच्या वाटेने गेली, आणि मामा, बबन, सुधा आणि मी होडीत बसलो.

वारा नेमका मांडवाकडूनच येत होता. मी होडी डावीकडे तिरकी घातली, मग उजवीकडे. मामा अस्वस्थ झाले. "बाई, मांडव तकडं ऱ्हायला. आडव्या कुठं चाललाय?"

"वाऱ्यासमोर सरळ जाता येत नाही, मामा. असंच कापत जायचं."

मधोमध आल्यावर मामा होडीच्या कडेवर वाकले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "खाली आमचं जुनं गाव हाय. ह्या पोराचं बारसं हितंच झाल्यालं." 

इतक्यात होडीच्या तळातून पाण्यात सोडलेल्या फळीला हिसका बसला आणि होडी जागच्या जागी अडकली. बुडालेल्या बाभळीच्या फांदीत फळी रुतली होती. मी आणि सुधाने जोर लावला, हलेना. शीड फडफडत होतं, ऊन उतरत होतं. बबनने ट्यूब काढली, नेहरूशर्ट मामांकडे दिला आणि कुणी नको म्हणायच्या आत पाण्यात सूर मारला.  खालून कडकन आवाज आला, होडी सुटली आणि तिच्या कडेला धरून बबन वर आला, दात काढून हसत. "आमचीच बाभळ असंल," तो म्हणाला.

मुलीकडची माणसं काठावर धावत आली होती. निथळता नवरदेव बघून एक म्हातारा म्हणाला, "नवरदेव न्हाऊनच आला की!" कोरडं धोतर आलं, बाशिंग बांधलं, भटजी घाई करू लागले. पण बबन हलेना. "आई आल्याबिगर न्हाई."

सूर्य टेकला. आणि तेवढ्यात हॉर्न! धुळीने पांढरी झालेली आमची गाडी मांडवाशी थांबली आणि तिच्यातून एकामागून एक बायका उतरतच राहिल्या. मला मोजता येईना. दारं धाडधाड आपटत होती. सासूबाई मांडीवर कुणाचं तरी तान्हं घेऊन उतरल्या. यांनी दारांबद्दल चकार शब्द काढला नाही. फेटा बांधून घेत होते. अक्षता पडल्या. पंगतीत लापशी (गव्हाच्या रव्याची गोड खीर) आणि झणझणीत आमटी. आम्ही पाहुणे नव्हतो, घरचेच होतो.

सकाळी निघायच्या वेळी नवी नवरी, सुमन, सासूपुढे उभी राहिली. कालपासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आत्याबाई, मी नावंनं जाऊ का?"

 सासूने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "जा. अन् सरक जरा, म्या बी येते."

नवरदेवाला गाडीत सतरंजीवर बसावं लागलं. आता वारा पाठीशी होता. होडी सुसाट निघाली. सासू डोळे मिटून सुधाला घट्ट धरून बसली होती. सुमनने विचारलं, "ही दोरी वढली की काय हुतं?" मी दोर तिच्या हाती दिला. शीड फुगलं, होडी पुढे झेपावली आणि ती खळखळून हसली. त्या हसण्याने सासूने डोळे उघडले, आणि मग मिटलेच नाहीत.

पुण्यात परतल्यावर शेजारणीने विचारलं, "मग, कसं आहे धरण?"

तेव्हा लक्षात आलं की धरणाची भिंत मी पाहिलीच नाही. निवांत होडी हाकायला गेले होते, तेही जमलं नाही. "पाणी मोठं आहे," मी म्हटलं, "आणि त्याच्या दोन्ही काठांना आमची माणसं राहतात."