हळदीच्या दिवशीची कावीळ

मोताळ्यात नाना डॉक्टर भेटले की नमस्कार नंतर. आधी ते हात धरून तुम्हाला उन्हात ओढायचे आणि अंगठ्यानं खालची पापणी खेचून डोळ्यात बघायचे. आठवडी बाजारात, कीर्तनाच्या दारात, एकदा तर मयतीला जमलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. "आंग झूट बोलते, डोया नाही बोलत," असं म्हणायचे. दवाखान्यात त्यांचा स्टोव्ह सदा फुरफुरत असायचा, वर पातेल्यात सुया उकळत. सुई हवी असेल त्यानं बाकावर बसायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "उकयू दे बे. तुले कोणती गाडी पकडाची हाय?"

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि मीही शाळेत मराठीचा नवा मास्तर होतो. जगातलं मला माहीत नाही असं काही नव्हतं. बीबी गावच्या सुशीलाशी माझं लग्न ठरलं, पण माझा सदरा माणसाच्या अंगात नसून खुंटीवर आहे असं वाटायचं. लग्नाआधी जरा भरावं म्हणून नानांकडे ताकदीची सुई मागायला गेलो. "ताकद भाकरीत असते. सुई मागून काऊन राह्यला?" असं म्हणून त्यांनी मला हाकललं. मग मी दर शनिवारी मलकापूर गाठू लागलो. तिथं स्टेशनाजवळ एक गृहस्थ सुया टोचायचे. रांग लांब, सुई एकच. दोन दंडांच्या मधे ती कापसानं पुसली की झालं. त्या रांगेत उभा राहून मी लोकांना जीवनसत्त्वांवर व्याख्यान देत असे. लोक ऐकतही, बिचारे कुठे जाणार?

वैशाखात लग्न. चैत्र संपता संपता मला अन्नाचा वास नकोसा झाला, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. उन्हाळा बाधला, असं निदान मी स्वतःच केलं. घरातल्या आत्याला मात्र कळलं, ही कावीळ. तिनं मला ती उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं माझ्या हातांना चुना चोळला, वरून पाणी ओतलं, परातीत पाणी पिवळं झालं. "उतरली," तो म्हणाला. पिवळं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं. विज्ञानाच्या सरांनाही मी ते पटवून दिलं. तरी आरशात डोळे पिवळेच. आत्याकडे त्यावरही तोड होती. "हयदीच्या आंगावर कावीय कोण पाह्यते? जरा जाडच लावू."

वऱ्हाडासोबत नाना बीबीला आले. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाच्या अंगणात मी हळदीनं माखून बसलो होतो. त्यांनी मला उन्हात ओढलं, पापणी खेचली.

"हयद हाय ते, डॉक्टरसाहेब," आत्या म्हणाली.

"डोयाच्या आतून लावली का, बाई?"

मी कुजबुजलो, "नाना, अक्षता पडू द्या. मग म्हणाल ते करतो." लग्न मोडलं तर तोंड कुठे लपवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नाना सरळ सुशीलाच्या वडिलांपुढे जाऊन उभे राहिले. "पोरगा वाईट नाही, मूर्ख हाय. त्याले कावीय झाली, मलकापूरच्या सुईची. लग्न थांबवा, दिवाळीनंतर करा."

"अहो, पंगत बसायलीय डॉक्टर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, खरं हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली. पाहुणे जेवले, मांडव उतरला. दोन्ही गावांत महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता.

लग्न अखेर मार्गशीर्षात झालं. सुशीला चांगली होती, पण नानांना तिनं माफ केलं नाही. "त्या माणसानं माझी हळद वाळवली," असं म्हणायची. नाना घरी आले की चहा बाहेर यायचा, ती यायची नाही.

बऱ्याच वर्षांनी, सुईच्या काविळीचा विषाणू रक्तातून शोधता येऊ लागल्यावर, नाना एक दिवस धापा टाकत आमच्या ओसरीवर आले. हा रोग नवऱ्याकडून बायकोला जातो, आईकडून बाळाला जातो, म्हणाले. कुणाच्या यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. "पेशीच्या पोथीत आपली एक ओय घुसडून देते बे तो. पेशी तेच वाचत राह्यते, नकला करत राह्यते. एखाद्या वेळी कॅन्सर होते." नकलनवीसानं घुसडलेली ओळ म्हटल्यावर मराठीच्या मास्तराला लगेच कळलं. ते लेकरांसकट आम्हा सगळ्यांना अकोल्याला घेऊन गेले आणि आपलंही रक्त दिलं.

आम्ही सगळे निर्दोष निघालो; लग्न लांबलेल्या त्या महिन्यांतच तो माझ्या अंगातून निघून गेला होता. माझी बडबड विषाणूलाही सोसली नसावी. नानांच्या रक्तात मात्र तो होता. साऱ्या तालुक्याला सुया देता देता कितीदा आपलीच बोटं टोचली, ते त्यांनाही आठवत नव्हतं. यकृतात गाठ धरली होती.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा सुशीला माझ्याआधी आत शिरली. "नाना, तेव्हा ठाऊक होतं का तुम्हाला हे सगळं?"

"नाही पोरी. कोणालेच ठाऊक नव्हतं. भेव वाटलं, म्हणून थांबवलं. चुकलो असतो तं तुह्या शिव्या बरोबर होत्या."

ती त्यांच्या पायाशी बसून रडली. मीही रडलो.

पंधरवड्यात नाना गेले. सुशीला तेराव्यापर्यंत त्यांच्या घरी स्वयंपाकाला जात होती. मी शोकसभेत बोललो. पुष्कळ बोललो, सुभाषितं म्हटली, लोक घड्याळं बघू लागले तरी बोललो. खाली उतरल्यावर सुशीला म्हणाली, "एवढं कशाला? त्यांनी थांबवलं म्हणून माझी लेकरं धड आहेत, एवढंच सांगायचं होतं."