मेहेरच्या अकरा नोटा

पिंपरी स्टेशनकडून येणारा रस्ता भाजीच्या गाड्यांमध्ये शिरतो त्या तोंडाला वजीर फाटक्या नोटा बदलून देतो. एक घडीचं टेबल, त्यावर काच, काचेखाली नमुन्याला ठेवलेल्या चारदोन नोटा. एक उंदरानं कुरतडलेली, एक इस्त्रीनं भाजलेली, एक शर्टाच्या खिशातच धुऊन निघालेली. दुकानदारानं ‘ही नाही चालणार’ म्हणून परत लोटलेली नोट माणूस वजीरकडे आणतो. वजीर ती उजेडात धरतो, किती शाबूत आहे ते बघतो, स्वतःचे दोनपाच रुपये कापून चांगली नोट हातावर ठेवतो. अशा नोटा साठल्या की पुण्यातला एक मोठा दलाल त्या उचलतो. बँकेतही बदलून मिळतात, पण त्यासाठी गाडीवाल्याचा अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसावर वजीरचं घर चाललं, पोरं मोठी झाली, लग्नं झाली.

आता समोरच्या सरबतवाल्याच्या गाडीवर एक डबा बसलाय. दर दोन मिनिटांनी तो बाईच्या आवाजात सांगतो, अमुक रुपये मिळाले. पैसे येतात, पण दिसत नाहीत. मळत नाहीत, भिजत नाहीत, फाटत नाहीत. फाटत नाहीत हीच वजीरची अडचण.

थोरला अरबाज चाकणच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, “अब्बा, बास करा आता. तिथं बसून मच्छर मारता तुम्ही.”

“मच्छर तरी रोज येतात,” वजीर म्हणतो.

एका शुक्रवारी नमाज पढून तो कासारवाडीच्या घरी जेवायला आला. ताट उचलल्यावर बायकोनं, खातूनबीनं, हिरव्या रुमालाची एक पुडी त्याच्यासमोर ठेवली.

“ह्या घ्या. बदलून आणा. उमराहचा पहिला हप्ता माझ्या पैशाचा द्यायचाय.”

उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायचं तिचं दोन वर्षांपासून चाललं होतं. पोरं खर्च करायला तयार होती. पण पहिला पैसा पोरांचा नको, माझ्या हक्काचा हवा, असा तिचा हट्ट. फॉल-पिकोचे पैसे तिनं बाजूला टाकले होते, पण ते नंतरच्या हप्त्यांना. पहिला हप्ता मेहेरचा, निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेल्या रकमेचा.

वजीरनं पुडी उघडली. आत पाचशेच्या अकरा नोटा होत्या. जुन्या पाचशेच्या, बंद झालेल्या. कोऱ्या, घडी न पडलेल्या.

त्यानं त्या लगेच ओळखल्या. निकाहात साडेपाच हजार मेहेर बांधला गेला होता. तेव्हा देणं जमलं नाही, राहून गेलं, पुष्कळांचं राहतं. मग नव्याण्णव साली कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. खाटेवर पडल्यापडल्या त्याला एकच भीती वाटत होती, मेहेर डोक्यावर घेऊन मरायचं. बायका मरणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी ‘माफ केला’ म्हणतात, ते त्यानं बापाच्या वेळी ऐकलं होतं. आईनं ते म्हणताना भिंतीकडे पाहिलं होतं. बरा झाल्यावर त्यानं हातात आलेल्या चांगल्यातल्या चांगल्या नोटा निवडून काढल्या आणि हिच्या पदरात घातल्या. पुढच्या ईदला तिच्या हातात दोन बांगड्या दिसल्या, तेव्हा त्याला वाटलं, मेहेर सोन्यात गेला, छान झालं. विचारलं नाही. मेहेरचं काय केलंस हे नवऱ्यानं विचारायचं नसतं.

“बांगड्या कशातून केल्या होत्या?” त्यानं विचारलं.

“कुठल्या बांगड्या?”

“तेव्हाच्या.”

“शिवणातून. का?”

त्यानं नोटा परत रुमालात ठेवल्या. “नोटबंदी झाली तेव्हा का नाही दिल्या ह्या?”

“तेव्हा तुम्हाला श्वास घ्यायला वेळ होता का? सगळा बाजार आपल्या दारात उभा होता. म्हटलं, लोकांचं आधी होऊ दे. घरच्या काय, कधीही होतील.”

“खातून, त्या बंद झाल्यात.”

“ते मला माहीत नाही का?” ती हसली. “बाजारात चालत नाहीत त्याच तर तुम्ही घेता. अर्धी जळालेली नोट बदलून आणता तुम्ही. ह्यांना तर साधा डागही नाही.”

ती मसाल्याचा डबा फडताळात ठेवायला वळली. तिचा चेहरा समोर असता तर तो कदाचित तेव्हाच बोलला असता. तिच्या पाठीला त्याला सांगता आलं नाही. पुडी त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि पिंपरीला परतला.

फाटलेली नोट आणि मेलेली नोट यांत फरक असतो, हे त्याला कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. फाटलेल्या नोटेला सरकार अजून ओळखतं. ही कोरी आहे, सुंदर आहे आणि हिला कुणी ओळखत नाही. बाजाराला हे ठाऊक होतं. त्याच्या घराला ठाऊक नव्हतं, कारण घराला तो स्वतःच ठाऊक होता. वजीर बदलून आणतो. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

चाकणच्या बाजूनं कोथिंबीर घेऊन येणारा गेनू माल संपवून टेबलाशी आला. ओल्या जुड्यांखाली ठेवून त्याच्या नोटा नेहमी भिजलेल्या असत. हल्ली त्याही कमी झाल्या होत्या. त्याच्या पोरानं, सुरजनं, पाटीवर स्कॅनरचं चित्र चिकटवलं होतं.

“वजीरभाई, तुमाला आता काचेच्या कपाटात बसवत्याल. तिकीट लावून.”

“तू येशील बघायला?”

“येईन की. पर तिकीट फोनवरनं काढावं लागंल, मंग सुरजला घिऊन येईन.”

वजीरला हसू आलं नाही. इकडंतिकडं बघत त्यानं विचारलं, “गेनूभाऊ, जुन्या पाचशेच्या कुणाकडं निघाल्या तर हल्ली काय करतात?”

गेनूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “गिऱ्हाईक हाय व्हय?”

“आहे एक.”

“आमच्या गावात कणगी हलवताना एकीला घावल्या. तलाठी म्हनला, धापर्यंत आसल्या तर आठवन म्हनून ठिवा. धाच्या वर गेल्या का गुन्हा. दंड बसतो, लय मोठा.” पिशवीची घडी घालत तो म्हणाला, “किती हायती गिऱ्हाइकाच्या?”

“मोजल्या नाहीत,” वजीर म्हणाला.

गेनू गेला. पुडी छातीशी गरम लागू लागली. अकरा. दहा नाही, अकरा. नोटबंदीचे पन्नास दिवस हिवतापासारखी चाललेली ती धामधूम त्याला आठवली. स्वतः रांगेत उभा राहिला होता, दुसऱ्यांना उभं केलं होतं, कुणाची हळदीची, कुणाची बैल विकल्याची, कुणाची नवऱ्यापासून लपवलेली रक्कम त्याच्या हातातून गेली होती. सगळ्या बायकांनी डबे उघडले. एकीनं उघडला नाही, आणि ती त्याच्याच घरात होती. रोज रात्री तो थकून आला की ती त्याचे पाय दाबायची. तेव्हा एकदा तरी विचारायचं होतं.

इमामसाहेबांना विचारावं असं मनात आलं. निकाहात काजी म्हणतात, ‘सिक्का राइजुल वक्त’, म्हणजे त्या वेळी चालत असलेल्या नाण्यात. दिला तेव्हा चालत होता, म्हणजे अदा झाला, देणं फिटलं, असंच इमामसाहेब म्हणणार. पण मग नुकसान एकट्या खातूनचं. आणि अदा झाला नाही म्हणाले, तर कावीळ झाली होती तिथंच पुन्हा तो. त्यानं विचारायचं टाळलं.

तेवढ्यात टेबलावर खाकी बाही आली. वजीरचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशावर गेला.

“ही घेता का?” चौकीतला हवालदार. हातात पन्नासची, मधून फाटलेली.

वजीरनं नोट उजेडात धरलीच नाही. धड पन्नासची काढून दिली.

“पूर्ण पन्नास? कापत नाही काही?”

“राहू द्या, साहेब.”

हवालदारानं नोट उलटसुलट पाहिली, त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. “तब्येत बरी आहे ना, चाचा?”

“ऊन आहे,” वजीर म्हणाला. आभाळ भरलेलं होतं.

हवालदार गेल्यावर त्यानं खिशातल्या खिशात एक नोट सुटी केली. फाडून टाकली की दहा उरतील, इतकं सोपं होतं. अंगठा आणि बोट कोपऱ्यावर आले आणि तिथंच थांबले. आयुष्यभर या बोटांनी तुकडे एकमेकांना लावले होते. उलटं काम त्यांना येत नव्हतं. दिवेलागणीच्या आधीच त्यानं टेबल घडी केलं.

घरी आल्यावर त्यानं पुडी ओट्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. “ह्या मला बदलता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. पुण्यात नाही, मुंबईत नाही. तारीख होती, ती गेली.”

खातूनबी भाकरी थापत होती. ती थांबली. “म्हणजे उशीर झाला.”

“नऊ वर्षं.”

“दंड भरून?”

“दंड भरूनही घेत नाहीत. दंड आहे तो ठेवण्याचा. दहाच्या वर ठेवल्या तर.”

तिनं हात धुतले, पदराला पुसले. पुडी उघडून नोटा मोजल्या. मग त्यातली एक उचलून गॅसच्या ज्योतीवर धरली. कोरा कागद, पटकन पेटला. राख तव्याशेजारी पडली. वजीरनं हात पुढं केला तोवर काही उरलं नव्हतं.

“झाल्या दहा,” ती म्हणाली आणि बाकीच्या रुमालात बांधल्या. “ह्या राहू द्या. मला दिलेल्या आहेत.”

“तू माफ केला म्हणू नकोस,” वजीर म्हणाला.

“काय माफ करायचं? तुम्ही दिलात. मी ठेवून घेतला. चूक माझी.”

आईनं भिंतीकडं पाहिलं होतं, ही सरळ त्याच्याकडं पाहत होती, आणि ते जास्त जड होतं. त्यानं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात भांडवल होतं, फाटक्या नोटा घ्यायला लागणाऱ्या चांगल्या नोटा. शंभरच्या, पन्नासच्या, विसाच्या. तो मोजत गेला तशी पेटी तळाला लागत गेली. साडेपाच हजार झाले तेव्हा आत दहाच्या काही नोटा आणि थोडी चिल्लर उरली.

“मग उद्या बाजारात काय घेऊन बसणार?” तिनं विचारलं.

“नाही बसणार.”

“अरबाज खूश होईल.”

“त्याला सांगू नकोस एवढ्यात.”

तिनं ढीग हातात घेतला. बराच वेळ तिला तो कुठं ठेवावा ते सुचेना. रुमालात दहा मेलेल्या होत्या, त्यांच्यात मिसळायचा नव्हता. “ह्या किती दिवस चालतील?” तिनं विचारलं. फाटक्या नोटेसारखा तिनं प्रश्न त्याच्यासमोर धरला होता. दोन हजारची आली तशी गेली. सरबतवाल्यानं गल्ला ठेवणंच सोडलंय. सुटे म्हणून दुकानदार चॉकलेट देतात.

“चालतील,” तो म्हणाला. मग म्हणाला, “माहीत नाही.”

“तर मग उद्याच चला.”

सकाळी त्याचा चहा व्हायच्या आत तिनं बुरखा घातला होता. संत तुकाराम नगरात उमराहची बुकिंग करणारं एक लहानसं ऑफिस होतं. काचेमागं अफरीन नावाची मुलगी बसली होती. काचेवर चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला.

“खाला, यावर स्कॅन करा.”

“माझ्याकडं फोन नाही.”

“चाचांचा?”

“त्यांच्या फोनला बटणं आहेत.”

अफरीनला हसू आलं. मग तिला ढीग दिसला आणि हसू गेलं. “एवढ्या सुट्या? बँकेतला माणूस माझ्यावर ओरडतो.”

“पुढचे हप्तेही रोख घ्याल ना?” वजीरनं विचारलं.

“आज घेतेय, चाचा. पुढचं मालक ठरवतील. रोख बंद करायचं चाललंय त्यांचं. नाहीतर असं करा, तुमच्या मुलाला सांगा, तो एकदमच सगळे...”

खातूनबीनं ढीग काचेखालच्या फटीतून आत सारला. सगळा एका दमात गेला नाही. उरलेल्या नोटा तिनं बोटांनी लोटल्या.

“आधी पावती कर, बेटा. माझ्या नावाची. मग काय ते बोल.”

अफरीननं नोटा सारख्या केल्या आणि मोजायला घेतल्या. वजीर काचेच्या अलीकडं उभा होता. एखादी नोट ती उजेडात धरायची, क्षणभर थांबायची आणि तो काचेजवळ वाकायचा. शेजारी खातूनबी उभी होती, फटीत अजून हात घातलेला, पावतीसाठी.