बाबांच्या फुग्याची बॅटरी

बाबांचं आमगावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी पंक्चर काढली, डायनॅमो खोलले, फ्रीव्हील बसवली. पण छातीत फुगा बसला आणि हा माणूस एकदम अडाणी झाला. "मले नाही समजत बापा हे मशीन," म्हणायचे आणि पिशवी माझ्याकडे सरकवायचे.

त्यांचं हृदय थकलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला बाहेरून एक फुग्याचा पट्टा गुंडाळला. हृदयाचा ठोका पडून गेला की फुगा फुगायचा, वाहिनीला दाबायचा आणि रक्त पुढे ढकलायचा. हवा भरणारी नळी पोटातून बाहेर येऊन पिशवीतल्या मशीनला जोडलेली. फुगा रक्ताला शिवत नव्हता, म्हणून आंघोळीपुरतं मशीन काढलं तरी चालायचं, पण फार वेळ बंद राहिलं तर जिवाला धोका होता. बाकी सगळा वेळ घरात फुस-टक, फुस-टक. "जन्मभर लोकाइच्या ट्यूबा फुगवल्या, आता माही फुगवून राहिले," हे बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. पाहुणे हसायचे, बिस्किटाचा पुडा ठेवायचे आणि निघताना मला म्हणायचे, "पोरगी आहे घरी, बरं आहे." तो पुडा त्यांच्याच डोक्यात हाणावा असं मला वाटायचं.

कारण नागपुरात बी.एड.ला माझा नंबर लागला होता. दिवाळीनंतर हजर झाले नाही तर जागा जाणार होती. आणि मी जाणार कशी? बॅटरी उतरून मशीन टूं टूं करायला लागलं की आई बुद्धाच्या फोटोसमोर हात जोडून उभी, बटणाला बोट लावायची नाही. बाबांना तर काही समजतच नव्हतं! त्यात ते मेलं लोडशेडिंग. लाइन कधी जाईल, कधी येईल, नेम नाही. म्हणून उतरलेल्या बॅटऱ्या घेऊन मी रोज सायकलने राइस मिलवर जायची. तिथे जनरेटर होता. चार्ज होईपर्यंत कोंड्याच्या धुळीत शिंकत बसायचं आणि परत यायचं. दाव्याला बांधलेल्या गाईला तरी कोणी चरायला सोडतं, मला तेही नव्हतं. अडीनडीला म्हणून एक भरलेली बॅटरी अलमारीवर ठेवलेली असायची.

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तशी आमच्याकडेही भरली. आईला मीच म्हटलं, "जाय तू, थोडी फिरून ये. मी आत्ता येते मिलवरून." मिलवर पोचले तर जनरेटर बंद, चालवणारा माणूस गायब. तो मंडईत दंडारीचं नाटक पाहत उभा सापडला.

"काऊन गा, मिल सोडून इथं का करून राहिला?"

"आज मंडई होय ना बाई!"

"मंडई गेली चुलीत! माह्या बाबाची बॅटरी उतरून राहिली!"

त्याला ओढत मिलवर आणलं. बॅटऱ्या अर्ध्यामुर्ध्या भरल्या आणि मी निघाले. एव्हाना घरची बॅटरी कधीच संपली असणार. अलमारीवरची कोण लावेल? जीव मुठीत धरून पायडल मारत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या भीतीतच मनात आलं होतं की आता सुटशील. मग मी आणखी जोरात पायडल मारलं.

दारातच आवाज आला. फुस-टक, फुस-टक.

बाबा खाटेवर, नाकावर चष्मा. अलमारीवरची बॅटरी मशीनमध्ये बसलेली. उतरलेली फडक्याने पुसून, दुकानात अवजारं ठेवायचे तशी बाजूला मांडलेली. मला पाहून ते एकदम दचकले.

"कोनं लावली?" मी विचारलं.

ते फडक्याची घडी घालू लागले.

"बाबा, कोनं लावली बॅटरी?"

"मीच."

"कधीपासून येते तुम्हाले?"

"डॉक्टरनं दाखवली, तवापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "सांगितलं असतं त तू चालली गेली असती ना, पोरी. एकटा असलो का भेव लागते मले."

मी आत गेले. चूल पेटवली, भांडी आदळली, भात करपवला. भयंकर राग आला होता. रागाहून जास्त माया आली, आणि त्या मायेचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

संध्याकाळी बाबाच म्हणाले, "जाय तू नागपूरले. मले येते." मी पेटी भरली. आईने वाटेसाठी लाडू बांधले.

सकाळी गाडीच्या आधी मशीन टूं टूं करू लागलं. भरलेली बॅटरी बाबांच्या हाताशीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. हात मांडीवरच राहिला. मी पेटी ओलांडून गेले आणि बॅटरी बदलली.