सुनेच्या हातचा नट

भगवंताने माणसाला राबायला दोन हात दिले आणि त्या हातांची स्तुती ऐकायला दोन कान दिले. कारंजा गावी लेथवर धातू कातणारे टर्नर जानराव यांचे हात जन्मभर अखंड चालले. साठी उलटल्यावर दुखू लागले ते कान. स्तुती रोज कानी पडत होती, आपल्याच दुकानात पडत होती, आणि आपली नव्हती!

जानरावांचे काम असे. सुतारांच्या जुन्या रंधा मशीनमध्ये लाकडाखालचे टेबल वरखाली करायला आटे पाडलेला एक लांब दांडा असतो. त्याच्यावर गनमेटलचा नट चालतो. चाक वर्षानुवर्षे फिरते, नटाचे आटे झिजतात, टेबल डुलू लागते आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. मशीन घडवणाऱ्या कंपन्या केव्हाच मिटल्या. नवा नट मिळायचा तो जानरावांच्या लेथवर. कामरगाव, शेलूबाजार, कुठकुठले सुतार दांडा खांद्यावर टाकून त्यांच्या दारी येत.

मुलगा गणेश जीपच्या धंद्यात रमला. दुकानात चहा घेऊन येणारी सून ज्योत्स्ना मात्र लेथपाशी थबकू लागली, विचारू लागली. जानरावांनी तिला लेकीच्या मायेने शिकवले, हातचे काही न राखता शिकवले. आणि देवाची लीला पाहा, ते सारे तिच्या हातात गुरूहून गोड उतरले. गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारू लागले, “सूनबाई हाय का?”

परक्याने नाव नेले असते तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. हिला काय म्हणावे? हिच्याच हातची भाकर खायची आणि हिच्यावरच जळायचे! विठ्ठलासमोर हात जोडले तरी मिटल्या डोळ्यांपुढे सुनेचाच लखलखता नट फिरायचा.

अशातच कामरगावचा भागवत सुतार दांडा घेऊन आला.

“जानरावभाऊ, सूनबाई कुठी हाय?”

“माहेरी गेली.”

“मंग मी थांबतो दोन दिवस. नट तिच्याच हातचा पाह्यजे बुवा.”

“अन् मी काय इथं भजे तळून राह्यलो?”

“रागावता काहून? तिचा नट लोण्यावानी फिरते, म्हून म्हनलं.”

“ठेवून जा दांडा,” जानराव म्हणाले. “परवा ने.”

त्या रात्रीपासून त्यांच्या मनात एकच ध्यास होता. भागवतने दांड्यावरचा नट हातात धरावा, हलवून पाहावा, आणि तो केसभरही डुलू नये!

आता या कामातले मर्म ऐका. सुताराचे रोजचे काम पातळ फळ्यांचे, म्हणून दांडा एकाच टोकाकडे झिजतो. जाड लाकूड क्वचित लागते, म्हणून दुसरे टोक तसेच भरीव राहते. नट बेतायचा तो त्या भरीव टोकावर. मग झिजल्या बाजूला तो थोडा सैल बसतो, आणि तेवढे सैलपण सोसावेच लागते. हा पहिला धडा जानरावांनी स्वतः ज्योत्स्नाला दिला होता. पण मत्सर हा असा गुरू, की आधीचे सगळे शिकलेले पुसून टाकतो. जानरावांनी झिजल्या बाजूचे माप घेतले आणि त्या मापाने नट कातला. त्याच बाजूने चढवला, तिथेच फिरवला, तिथेच थांबले. भरीव टोकाकडे त्यांनी नेलाच नाही. तोंडाच्या कडा मात्र बारीक कानशीने इतक्या निगुतीने गोल केल्या, की मूर्तिकाराने देवाचे ओठ घडवावेत.

भागवतने येऊन नट हलवला. तो छान फिरे, पण तसूभर डुलेना.

“वा! आली वाट्टे माहेरून. सूनबाईनं कमाल केली!”

‘माझा हाय’ हे दोन शब्द जानरावांच्या जिभेवर आले आणि तिथेच वाळले. आपली स्तुती आपणच मागून घ्यायची? भागवत ती स्तुती दुसऱ्याच्या नावाने करीत निघून गेला.

आठवडा उलटला आणि भागवतचा फोन आला. चौकटीचे जाड लाकूड लावायला टेबल खाली नेताना चाक अडले होते. पाइप घालून ओढले तरी ना खाली, ना वर. गणेशने माहेरून परतलेल्या बायकोला आणि वडिलांना जीपमध्ये घालून कामरगावला नेले. भागवतच्या टिनाच्या शेडमध्ये चार माणसे आधीच जमलेली.

“सूनबाई, हा काय नट केला वो? दांड्याचा गळाच धरला यानं!”

ज्योत्स्नाने चाकाला हात लावला. मग वाकून नटाच्या तोंडावरून बोट फिरवले. ती गोल कड तिने ओळखली. तशी कड तिला आजवर साधली नव्हती. तिने मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलेही नाही.

“चुकलं असन माझ्याकडून, काका. काढून नेऊ, नीट करून देऊ.”

“घ्या! मीच हट्ट केला होता. शेवटी हात म्हाताऱ्याचाच खरा, जानरावभाऊ!”

ज्यासाठी कान आसुसले होते ते शब्द आले! क्षणभर, खरेच क्षणभर, जानरावांना साखर खाल्ल्यासारखे झाले. तेवढ्यात कोपऱ्यातले एक गिऱ्हाईक म्हणाले, “पोरगी मोठ्या मनाची हाय राजेहो. कसूर लगेच कबूल केला. आजकाल कोन करते?”

“खरं हाय,” बाकीचे म्हणाले, आणि भागवतचाही आवाज मऊ झाला. “जाऊ दे बाई, होते असं.”

आता मात्र जानरावांच्या अंगाची लाही झाली. चांगला म्हणून नाव झाले, ते हिचे. वाईट निघाला, तर मोठेपणही हिचेच!

“नट माझा हाय!” ते गरजले. “म्या केला. चूकबी माझीच हाय, तिची कायले?”

भागवत त्यांच्याकडे वळला.

“मंग त्या दिवशी काहून नाई बोलले?”

“तू बोलू देशीन तवा ना! तुझं आपलं सूनबाई, सूनबाई!”

आधी भागवत हसला, मग सगळेच हसले. ज्योत्स्नाने पदर तोंडाशी धरला.

हे दयाघना, सत्य वदायला साधूला करुणा पुरते. आमच्या जानरावांना मत्सर लागला. पण वदले ते सत्यच, आणि तुझ्या दारी तेही जमा होत असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

नट काढून ते कारंज्याला परतले. जानरावांनी तो लेथवर बांधला. आता आट्यांत हत्यार अचूक बसवून बारीकसा पापुद्रा काढायचा होता. ज्योत्स्ना पुढे झाली.

“द्या मामाजी, मी करतो.”

“नोको. माझा हाय, मीच करीन.”

ते वाकले, डोळे बारीक केले, पुन्हा वाकले. दुपारची वेळ, तरी आटा दिसेना. ज्योत्स्ना बॅटरी घेऊन शेजारी उभी राहिली. उजेड आट्यावरून सरकून त्यांच्या हातावर गेला.

“माह्या हाताकडं काय पाहून राह्यली?” जानराव खेकसले. “आट्यावर धर.”