सोपी प्रत

बँडसाठी संगीत निवडायचं तर आधी सगळ्यात खालच्या सुराच्या वाद्याच्या स्वरलिपीचा कागद पाहावा, असं माझे वडील सांगत. ते अमरावतीला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. धून काय, कोणालाही आवडते. पण खर्जातल्या वाद्याला दम घ्यायला जागा ठेवली आहे का, दुसऱ्या क्लॅरिनेटला काही काम दिलंय की नुसतं ताटकळत ठेवलंय, पान उलटायची वेळ नेमकी वाजवताना तर येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय कागद घेऊ नये. हे मी लग्नाआधीच शिकले होते. दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्यावर ते कामाला आलं, आणि त्यापायी जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही जागचे न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि तिथून महाराष्ट्रात आलो, त्याच सुमारास गावातल्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी आपला खाजगी बँड मोडला. वाद्यं गोदामात सरकीच्या पोत्यांमागे पडली होती. त्यांची मुलगी आमच्या शाळेत शिकत होती. स्नेहसंमेलनात शेठजी स्टेजवर आले, मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात नारळ ठेवला आणि सगळी वाद्यं शाळेला देऊन टाकली. क्लॅरिनेट, आडव्या बासऱ्या, कॉर्नेट, ढोल, झांजा आणि युफोनियम म्हणून एक भलंमोठं पितळी प्रकरण, जे मांडीवर घेऊन वाजवावं लागतं. त्यात उंदरांनी संसार मांडला होता. तो मी आणि मुलींनी चिंचेच्या पाण्यानं धुऊन काढला.

युफोनियम मी तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीला दिलं. तिचा बाप पहिल्यांदा पाहायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, हे वाजवते का यात पाणी भरते?" मुलगी म्हणाली, "बापू, तू गप राय." आणि तिनं असा काही सूर काढला की बाहेर बांधलेले त्याचे बैल उठून उभे राहिले.

तीन-चार वर्षांत मुली कागद वाचून वाजवू लागल्या. आणि तेव्हाच आमच्या शाळा समितीच्या सेक्रेटरींना ही वाद्यं दिसू लागली. ते वकील होते. शेठजींची मुलगी लग्न होऊन गेली होती, आता तिकडून कोणी विचारणार नाही असा त्यांचा हिशेब.

"बाई, पोरी गाल फुगवून फुंकून राह्यल्या, हे बरं दिसते काय? पोरांच्या हायस्कुलात देऊन टाकू. तिथं शोभंल."

मी भांडले. चांगली भांडले. शेवटी असं ठरलं की सव्वीस जानेवारीला यवतमाळच्या मैदानावर जिल्ह्यातल्या शाळांचे कार्यक्रम होतात, तिथं मुलींनी एक पूर्ण धून वाजवावी. चांगली झाली तर वाद्यं आमची. नाही झाली तर हायस्कूलची. म्हणजे सगळं आलं कोणती धून निवडायची यावर.

नागपूरच्या दुकानातून मी नमुन्याचे कागद मागवले. सेक्रेटरी शाळेत येऊन ते स्वतः चाळू लागले. ज्या कागदावर तलवार आणि झेंड्याचं चित्र होतं तो त्यांनी उचलला.

"हे घ्या. आत्ताच सरहद्दीवर लढाई होऊन गेली, अन् तुम्ही कायले मिळमिळीत पाहून राह्यल्या?"

"वकीलसाहेब, याला ट्रॉम्बोन लागतात. आपल्याजवळ एकही नाही."

"मग बाकीच्यांनी जोरात वाजवावं."

मी तो कागद परत पाठवला आणि दुसरी धून पक्की केली. संथ चालीची. सुरुवातीला क्लॅरिनेट, मग बासऱ्या उचलतात, आणि मधे एका जागी सगळे थांबतात आणि युफोनियम एकटं बोलतं. त्या मुलीला तेवढं येत होतं. प्रत्येकीला काही ना काही होतं आणि कोणालाही झेपणार नाही असं काही नव्हतं. निवड याला म्हणतात. पूर्ण संच मागवला आणि सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला गेले.

परत आले तर कपाटात एकच कागद. ढोलाचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बँडच्या संचात प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा असतो. वर धुनेचं नाव तेच, पण खाली लिहिलेलं वेगळं. सगळे कागद मिळून एक धून होते. सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं पान लहान बँडच्या संचात नसतंच.

सेक्रेटरी प्रसन्न मुद्रेनं आले. "बाई, तुम्ही नव्हत्या, म्हणून तुमचं काम मीच करून टाकलं. दुकानदारानं एकाच गाण्याच्या ढीगभर प्रती धाडल्या होत्या. काही अवघड, काही सोप्या. मी वाटून दिल्या."

"कोणाला?"

"हायस्कुलाले. बाभुळगावच्या शाळेले. एक झरीकडच्या गुरुजींले, तिकडच्या लेकरायले काही भेटत नाही. चांगला कार्यक्रम केला, शाल-नारळ देऊन."

"आणि आम्हाला?"

"सगळ्यात सोपी प्रत आपल्या पोरींसाठी ठेवली ना जी. पाहा, एकच टिंब आहे पुन्हा पुन्हा, अन् मधे मधे आराम."

मुख्याध्यापिकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तिथं पाहण्यासारख्या फक्त सायकली होत्या.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वाद्याचं नाव छापलेलं होतं. वकिलानं कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचू नये, हे मला आजही पटत नाही. पण मला राग त्या चुकीबद्दल आला नाही. चुका मीही करते. राग आला तो वाटणीचा. हा माणूस खरोखर समजून चालला होता की एकाच गाण्याच्या अवघड आणि सोप्या प्रती आहेत, आणि जराही विचार न करता काळ्या अक्षरांनी गच्च भरलेल्या प्रती त्यानं मुलांना दिल्या आणि एका टिंबाची मुलींना ठेवली. शिवाय त्यात त्याला आपलं मन मोठं वाटत होतं.

मी म्हटलं, कागद परत आणा. ते एकदम गंभीर झाले. "बाई, स्टेजवर नारळ देऊन दिलेली वस्तू परत मागत नाहीत. आपल्या शाळेले शोभत नाही ते." हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं.

दुकानदाराकडे दुसरा संच नव्हता. मी हायस्कूलमध्ये गेले. हेडमास्तरांनी क्लॅरिनेटचा आणि कॉर्नेटचा कागद काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता. वर हळदकुंकू. शेजारी गणपती.

"चौकट उघडून द्या, सर."

"उघडता येत नाही जी, भेट आहे. अन् वाद्यं तर आमच्याकडंच येऊन राह्यली जानेवारीनंतर. मग कागद काहून नेता?"

म्हणजे ठरलेलं होतं. मुलींनी कसंही वाजवलं तरी. हेडमास्तर बिचारे सहज बोलून गेले आणि मला चहा विचारू लागले. मी चहा घेतला नाही. स्टूल मागितलं. त्यावर उभी राहून काचेतून एकेक सूर उतरवून घेतला, आणि येणारी-जाणारी मुलं माझ्याकडे पाहत होती. पाहू दे म्हटलं. हळदीचा डाग जिथं पडला होता तिथले सूर अंदाजानं भरले.

पुढच्या सुट्टीत बाभुळगावला जाऊन बासरीचा कागद उतरवला. तिथल्या शाळेनं तो निदान टाचणीनं लावला होता, आणि हातात घेऊन बसू दिलं. झरीचा कागद राहिला. तो युफोनियमचा. तिकडे जायला रस्ता धड नव्हता आणि ते गुरुजी बदलून गेले होते. मग बाकीचे कागद समोर ठेवून मी तो भाग स्वतः लिहिला. दुकानातून आलेला नमुना परत पाठवण्याआधी एकदाच पाहिला होता, तेवढ्या आठवणीवर. मुलीनं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, इथं दमच नाही घेता येत."

"मग कुठं हवा?"

तिनं बोट ठेवलं. मी तिथं खोडून जागा केली.

हायस्कूलच्या हेडमास्तरांकडून काय ऐकलं ते मी मुलींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्ध्याजणींनी क्लॅरिनेट खाली ठेवली असती, आणि उरलेल्यांच्या आयांनी ती ठेवायला लावली असती.

सव्वीस जानेवारीला मुलींनी वाजवलं. चांगलं वाजवलं. मी उगाच म्हणत नाही, मला वडिलांचे कान आहेत. बासऱ्या जरा लवकर आल्या, पण सावरल्या. मधे सगळ्या थांबल्या आणि मैदानावर एकटं युफोनियम ऐकू आलं, स्वच्छ, न थरथरता. मागच्या रांगेतले पोलीस बँडवाले माना वळवून पाहू लागले. आमचे सेक्रेटरी त्या वेळी शेजारच्या साहेबांना संत्र्याच्या बागेबद्दल सांगत होते. मी त्यांच्या मागेच बसले होते.

आठ दिवसांनी समितीची बैठक झाली. शेठजींना मानानं बोलावलं होतं. सेक्रेटरींनी सुरुवात केली: पोरींचा कार्यक्रम ठीक झाला, पण वाद्यांचा खरा उपयोग मोठ्या शाळेत होईल, तरी शेठजींची परवानगी...

मी उभी राहिले. मुलींनी कसं वाजवलं यावर एक शब्द बोलले नाही. मला कळून चुकलं होतं की ते इथं कोणाला ऐकू गेलेलं नाही.

"वकीलसाहेब, शेठजींनी ही वाद्यं आमच्या स्टेजवर नारळ देऊन दिली. तुम्हीच म्हणाला होतात, नारळ देऊन दिलेली वस्तू परत मागत नाहीत. हायस्कूलच्या भिंतीवरचे कागद त्यासाठीच सोडले ना आपण?"

शेठजी खो खो हसले. "वकीलसाहेब, बाईनं पकडलं तुम्हाले. नारळ दिला म्हणजे दिला. माझ्या हातची वस्तू हलवून मले पाप लावता काय?"

संपलं. वाद्यं राहिली.

लोक मला म्हणतात, जिंकलात ना, मग राग कशाचा? राग याचाच. मुलींनी वर्षभर घाम गाळून वाजवलं, त्याचं वजन शून्य झालं. वजन पडलं ते एका नारळाचं. शेठजींनी त्या दिवशी नारळ न आणता नुसता हमाल पाठवला असता, तर माझ्या मुलींच्या हाती आज ढोलाचा तो कागदच तेवढा उरला असता.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरची मुलगी सगळ्यांच्या वतीनं विचारायला आली. "बाई, आपण चांगलं वाजवलं म्हणून वाद्यं राह्यली ना?"

हो म्हणणं सोपं होतं. सोपी प्रत तिला एकदा मिळून चुकली होती.

"नाही," मी म्हटलं. "नारळामुळे राहिली. वाजवलंत चांगलं, ते वेगळं."

ती म्हणाली, "मंग आता पुढच्या वर्षी काय वाजवायचं?"

मी नागपूरहून आलेले नवे नमुने तिच्यापुढे टाकले. या वेळी पार्सल घरच्या पत्त्यावर मागवलं होतं. तिनं वरचा क्लॅरिनेटचा कागद बाजूला सारला आणि आधी आपल्या वाद्याचा शोधला.