गिरजामावशीच्या कानातल्या काड्या

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याची माफी आधीच मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पण गिरजामावशीचा एकही नीट फोटो नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

मावशी मरोद्यात आमच्या मागच्या गल्लीत राहायची. माहेर भंडाऱ्याकडचे, नवरा स्टील प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. शिंप्यांकडची कात्रणे आणून ती गोधड्या शिवायची. दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिलाई घालायची आणि मग रेघेवर कात्री चालवायची. उघडले की दुरंगी ठोकळे दोन तयार. वाया काहीच नाही. एक ठोकळा सुईखालून सुटला की धागा न तोडता दुसरा सरकवायची. मशीनमागे ठोकळ्यांचे तोरण लोंबायचे. मला शिकवताना एकच म्हणायची, "आंधी शिव, मंग काप. कात्रीले लाड केले तं ते घर कापते."

तेव्हा माझा नवरा ठेकेदाराच्या कामावर पडून कंबर मोडून घरी होता. ठेकेदाराने त्याचे नावच काढून टाकले. घरात रेशनचा तांदूळ आणि मीठ, दोन पोरी. मावशीने पद्मनाभपुरातल्या एका वसतिगृहाची बारा गोधड्यांची ऑर्डर स्वतःच्या शब्दावर मला मिळवून दिली. कापडाचे पैसेही वसतिगृहाने आगाऊ दिले.

मला लवकर पैसे हवे होते. कापडाची थप्पी लावून मी सगळे तिकोन आधीच कापून टाकले. तिरप्या कडा शिवताना ताणल्या गेल्या. ठोकळे वाकडे झाले, एकालाही दुसरा लागेना. सगळे कापड गेले.

त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले. का गेले ते लिहीत नाही. मावशीला कोणी सांगितले माहीत नाही. ती येऊन शेजारी बसली, पायातली चप्पल झटकली. मग म्हणाली, "कापड ओलं झालं तं वाळते. माणूस नाही वाळत. चाल, पोरी भुक्या आहेत."

आम्ही प्रत्येक वाकडा ठोकळा उसवला, इस्त्री केली आणि त्यातून लहान चौकोन काढले. तरी निम्मे कापड कमी पडले. मावशीने कानातली मोडली आणि नऊ हजारांचे कापड आणले. भोके बुजू नयेत म्हणून कानात कडुलिंबाच्या काड्या घातल्या. गल्लीतल्या बाया हसल्या तर म्हणायची, "नवी फॅशन हाय, तुमाले नाही समजाची."

ऑर्डर पोचली. आलेले पैसे नवऱ्याच्या कंबरेत गेले. मी मावशीला म्हटले, मला हे नऊ हजार फेडता येणार नाहीत, माफ कर.

तिने मशीन थांबवली. "माफ करून राहिली नाही मी. माफ केलं तं तू पुन्हा पाळीवर जाशील. देणं असलं का माणूस जागेवर राहते."

मला तेव्हा तिचा राग आला. पोरींच्या दुधाचे पन्नास रुपयेसुद्धा ती माझ्या हातून मोजून घ्यायची. पण दर आठवड्याला मी तिच्या दारात जायची, आणि मला जावे लागायचे म्हणून आठवडा निघायचा.

सहाशे रुपये राहिले होते तेव्हा मावशी गेली. शेवटची आंघोळ घालताना बाया काड्या काढायला लागल्या. मी काढू दिल्या नाहीत. मला त्यांच्यासमोर बोलता येत नाही, नुसता काड्या काढणारीचा हात धरून ठेवला.

सहाशे जमवायला मला तीन महिने लागले. मग लोकलने चरोद्याला गेले, तिच्या मुलाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. सूनबाईने चहा केला. नोटा पुढे केल्या तर तिचे डोळे भरले. "मी घेतले नसते, ताई," ती म्हणाली, "पण आई सांगून गेल्या, ‘ते येईन, तिच्याजवळून मोजून घेजो, एकबी रुपया सोडू नको.’"

तिने बोटाला थुंकी लावून सहा नोटा मोजल्या. नऊ हजार पुरे झाले.