टेलिफोनातली चांदी

आमच्या लालबागच्या चाळीत दाजी परबांच्या खोलीतून तांबूस धूर निघाला, की बायका आधी गॅलरीतली लुगडी काढायला धावत. त्या धुराने सुताला भोकं पडत. दाजी दिवसा रेडिओ दुरुस्त करत आणि सुट्टीच्या दिवशी टेलिफोनच्या भंगारातून चांदी काढत. जुन्या स्विचांच्या टोकांना चांदीचे बारीक ठिपके असत. ते खरवडून दाजी बरणीतल्या ॲसिडात विरघळवत. "चांदी खंय जाणा नाय रे," ते मला सांगत. "पाण्यात लपता. आपण तिका हाक मारूची."

याला कारण त्यांची बायको, सुंदरकाकू. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत झोळी फिरली तेव्हा काकूंनी पायातली जोडवीच काढून टाकली. दाजी हादरले. "नवरो जिवंत आसताना?"

"जिवंत आसा म्हणानच दिलंय," काकू म्हणाल्या. "तोच नवी करतलो."

एका दुपारी घोषणा देणाऱ्या पोरांमागे पोलीस चाळीत शिरले. पोरं मागच्या जिन्याने पसार झाली. पोलिसांना सापडली धुमसणारी बरणी.

"बाँब?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"जोडवी," दाजी म्हणाले.

एका हवालदाराने खात्रीसाठी बरणीच्या ओल्या कडेवरून बोट फिरवलं. मग दाजींना बरणीसकट चौकीत नेलं. काकू आणि मी मागोमाग गेलो. तिथे दाजींनी तांब्याची पट्टी मागवून बरणीत सोडली. हळूहळू तिच्यावर चांदीचं राखाडी शेवाळ उगवलं, पाणी निळं झालं. सगळी चौकी टेबलाभोवती जमली. कोठडीतले सत्याग्रहीही गजांना नाक लावून बघत होते.

इन्स्पेक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडे एक बिघडलेला टेलिफोन आहे."

"तो दुरुस्त होईल, साहेब. चांदीसाठी मी मेलेल्यांनाच हात लावतो."

दाजी सुटले. दुसऱ्या दिवशी तोच हवालदार काळंठिक्कर पडलेलं बोट घेऊन दारात उभा. तोही मालवणकडचाच. दाजींनी बोट उलटसुलट पाहिलं. "धुवान जावचा नाय. कोणी इचारल्यार सांगा, मत दिलंय. कोणाक, ता मात्र सांगू नका."

पुढे कधीतरी सोनाराकडून जोडवी आली. एक किंचित सैल होतं, पाऊल टाकलं की वाजायचं. काकू त्या दिवशी काही काम नसताना लाकडी जिना वर-खाली करत राहिल्या. मी दाजींच्या खोलीत बसलो होतो. क्रिकेटचं वर्णन रंगात आलं होतं.

"रेडिओ बंद कर," दाजी म्हणाले, "काय ऐकूक येईना."